मागणी कोणी लिहायची?

दिव्यांगांसाठी साहित्यवाटपाचा कार्यक्रम आमच्या दापोली तालुक्यात असो वा किनाऱ्यालगतच्या दुसऱ्या कोणत्याही तालुक्यात, हाताने चालवायची तीनचाकी सायकल त्यात बहुधा असतेच. मांडव घातला जातो, पाहुणे येतात, सायकलींना झेंडूच्या माळा घातल्या जातात, छायाचित्रे निघतात आणि ज्यांच्या वाट्याला सायकल आली ती मंडळी ती टेम्पोत घालून आपापल्या वाडीच्या तोंडाशी उतरवून घेतात. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी असते आणि तिचा चढ असा, की डोक्यावर भारा घेऊन जाणाऱ्या बायाही मध्ये एकदा गडग्याला टेकून दम घेतात. सायकल मग खालच्याच कुणाच्या तरी पडवीत राहते, एक-दोन पावसाळ्यांत तिची साखळी गंजते आणि तिच्यावर सरपण रचले जाते. सायकलीत दोष नसतो. लातूर-सोलापूरकडच्या सपाट रस्त्यावर तिने कित्येकांचे घराबाहेर पडणे शक्य केले असेल. पण कोकणातल्या उतारावर राहणाऱ्या माणसाला काय लागते, हे साहित्याची यादी करताना त्या माणसाला कोणी विचारलेले नसते.

मला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा आधार, आणि दोन्ही काखांत कुबड्या घेऊन मी आजवर वावरत आले आहे, त्यामुळे या उतारावर काय लागते हे मला कोणी सांगण्याची गरज नाही. कुबडीच्या खालच्या टोकाला बसवलेला रबरी बूट लागतो. जांभा खरखरीत असतो, त्यावर ते रबर भराभर झिजते. आतली नळी दगडाला लागू लागली की टक्-टक् आवाज यायला लागतो, आणि श्रावणात शेवाळ धरलेल्या पाखाडीवर अशी कुबडी कधी दगा देईल याचा नेम नसतो. योजनेतून नवी कुबडी मिळते, परंतु नुसता बूट मागण्याची सोय आम्हांला कोणत्याही अर्जात सापडली नाही आणि तालुक्याच्या बाजारात तो सहज मिळत नाही. खालचे चार बोटे रबर गेले म्हणून धडकी कुबडी टाकून नवी मागायची, यात सरकारचाही पैसा जातो आणि मागणाऱ्याचे महिनेही जातात. आमच्या भागातील दिव्यांगांनी एकत्र येऊन जी पहिली लेखी मागणी केली, ती या रबरी बुटांची होती. ती वाचून पंचायत समितीतल्या एका अधिकाऱ्याला हसू आले होते, असे निवेदन घेऊन गेलेल्यांनी सांगितले. त्या हसण्यात दुष्टपणा नसावा. इतकी लहान गोष्ट मागायला लोक मोर्चाने येतील अशी त्यांची कल्पना नव्हती.

दिव्यांगांनी स्वतः चालवलेल्या हक्कविषयक जाळ्यांचे, म्हणजे गावोगावच्या दिव्यांगांना एकमेकांशी जोडणाऱ्या गटांचे, महत्त्व सांगताना त्यामुळे माणसाला आत्मविश्वास येतो, एकटेपणा कमी होतो, आवाज मिळतो, असे सहसा म्हटले जाते. ते सगळे खरे आहे. मला मात्र त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की अशा जाळ्यात मागणीचा मजकूर बदलतो. आवाज मोठा करण्याचे काम एखादा सज्जन आमदार किंवा वर्तमानपत्राचा बातमीदारही आमच्या वतीने करू शकतो. कोणत्या गोष्टीसाठी आवाज उठवायचा हे मात्र त्याला आमच्याइतके कळणे शक्य नाही, कारण ती पाखाडी तो वर्षातून एकदा, बहुधा निवडणुकीच्या सुमारास, चढतो.

आमचे जाळे दापोली, मंडणगड, खेड आणि गुहागर या तालुक्यांत पसरलेले आहे. त्याला कार्यालय नाही, फलक नाही आणि नोंदणी करावी की नाही यावर दरवर्षी वाद होतो. कोकणातल्या वाचकाला त्याची कल्पना द्यायची तर वाडीच्या मुंबई मंडळाची आठवण करून देणे सोपे जाईल. परळ-लालबागच्या खोल्यांत भरणाऱ्या त्या बैठकांत गावच्या देवळाचा सभामंडप, पाखाडीची डागडुजी, कुणाच्या आजारपणाची वर्गणी, शिमग्याच्या पालखीचा खर्च असे विषय मार्गी लागत, आणि ते लावणारे लोक गिरणीत किंवा गोदीत काम करणारे होते. गावाला काय हवे हे कळायला त्यांना सर्वेक्षण करावे लागले नाही, कारण गाव त्यांचेच होते. आमच्या जाळ्यातही कोणी समाजकार्याचा पदवीधर नाही. एक शिवणकाम करणारी, एक निवृत्त शिक्षक, एक जाळी विणणारा, एक पिठाची गिरणी चालवणारा, आणि नोकरीसाठी विरार-नालासोपाऱ्याला गेलेले काही तरुण, ज्यांचे अर्धे लक्ष अजून गावाकडेच असते.

असे जाळे कोकणात अधिक गरजेचे का आहे, याचे उत्तर आमच्या वस्तीच्या रचनेत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती आहेत आणि त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात आहेत. पण वाडीत एकच अंध माणूस असतो, दुसऱ्या वाडीत एकच बहिरी मुलगी असते आणि मधे एक डोंगर किंवा खाडी असते. तो एकटा माणूस ग्रामसभेत उभा राहून काही मागतो तेव्हा ऐकणाऱ्यांना ती एका घराची अडचण वाटते. लोक हळहळतात, कधी पदरचे पैसेही काढून देतात, आणि विषय संपतो. तीच मागणी चार तालुक्यांतल्या तीस ग्रामपंचायतींत एकाच महिन्यात, एकाच शब्दांत गेली, की ग्रामसेवकाला तालुक्याला विचारावे लागते आणि तालुक्याला जिल्ह्याला. सौजन्याने दिलेली मदत पुढच्या माणसाच्या कामी येत नाही. मागणीवर दिलेले लेखी उत्तर, मग ते नकाराचे का असेना, पुढच्याच्या हाती राहते.

आमच्या फोनवरच्या गटाचा एक नियम येथे सांगण्यासारखा आहे, कारण तो कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात नव्हता. सुरुवातीला गटात सगळेच आपापल्या सोयीने निरोप टाकत असत. अंध सभासद बोलून निरोप पाठवत, तो बधिर सभासदांना निरुपयोगी ठरे. बधिर सभासद शासन निर्णयाच्या कागदाचा फोटो पाठवत, तो अंधांच्या फोनमधले वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वाचू शकत नसे. आणि आम्ही चालण्यात अधू असलेली मंडळी दोन्ही प्रकार करून वर ‘सर्वांना कळले ना?’ असे विचारत असू. यावर बरेच रुसवेफुगवे झाले. शेवटी ठरले ते असे, की बोललेल्या प्रत्येक निरोपाखाली कोणीतरी त्याचा सारांश लिहायचा आणि प्रत्येक फोटोखाली त्यात काय आहे ते टाइप करायचे, आणि हे ज्याने निरोप टाकला त्यानेच करायचे. त्यामुळे गटातले सुप्रभात म्हणणारे गुलाबांचे फोटो जवळजवळ बंद झाले, हा अनपेक्षित लाभ. सरकारी संकेतस्थळांवर अजूनही परिपत्रके तिरकी ठेवून स्कॅन केलेली असतात. आमच्या पिठाच्या गिरणीवाल्याला जे जमते ते तिथे जमू नये याचे मला नवल वाटते.

या जाळ्याचे रोजचे काम अगदी साधे आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे ज्याला सगळे युडीआयडी म्हणतात ते कार्ड, यांशिवाय पुढचे कोणतेही दार उघडत नाही, आणि दिव्यांगत्वाची ४० टक्के ही रेषा ओलांडली नाही तर कार्ड असूनही बहुतेक योजनांचा उपयोग नाही. दापोली-मंडणगडच्या टोकाच्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे पहाटेची गाडी धरायची, बरोबर एक माणूस न्यायचा आणि त्याचीही मजुरी बुडवायची. तिथे गेल्यावर अमुक तपासणीचा कागद नाही म्हणून परत पाठवले जाणे, यासारखे दुःख नाही. कानाच्या अर्जाला कोणती तपासणी लागते, मतिमंदत्वाच्या तपासणीसाठी मानसशास्त्रज्ञ कोणत्या वारी येतात, जुन्या प्रमाणपत्रावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर आधी काय दुरुस्त करायचे, ही माहिती आमच्यातल्या प्रत्येकाने स्वतःच्या हेलपाट्यांतून मिळवलेली आहे. ती आता एका जागी लिहून ठेवली आहे. ज्याला जायचे असेल त्याला निघण्याच्या आदल्या रात्री कोणीतरी ती वाचून दाखवते.

आता थोडे दूरचे. १९८० साली कॅनडातील विनिपेग येथे पुनर्वसन क्षेत्रातील एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन भरले होते. डॉक्टर, थेरपिस्ट, समाजसेवक यांचाच त्यात भरणा होता आणि दिव्यांग प्रतिनिधी मोजके होते. संघटनेच्या प्रतिनिधी मंडळांत निम्म्या जागा दिव्यांगांना असाव्यात असा ठराव मांडला गेला, तो फेटाळला गेला, आणि जमलेल्या दिव्यांगांनी वेगळे होऊन पुढच्याच वर्षी सिंगापूर येथे डिसेबल्ड पीपल्स इंटरनॅशनल ही स्वतःची जागतिक संघटना स्थापन केली. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, आणि त्या वाटणीचे कारण सांगायला आमच्याकडे आजही म्हातारी माणसे तेच सांगतात, की लांब बसलेल्याला आमची निकड कळत नव्हती. विनिपेगमध्ये ज्यांनी ठराव फेटाळला तेही दिव्यांगांचे शत्रू नव्हते. आयुष्यभर आमच्यासाठी काम केलेली ती माणसे होती. आमच्याबरोबर बसून मतदान करणे तेवढे त्यांना जड गेले.

त्या फुटीचा परिणाम पुढे कायद्याच्या भाषेत उतरला. २००६ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांगांच्या हक्कांचा जो करार स्वीकारला आणि ज्याला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली, त्याच्या चौथ्या कलमात असे बंधन आहे, की दिव्यांगांशी संबंधित निर्णय घेताना सरकारांनी त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांमार्फत त्यांच्याशी निकटचा विचारविनिमय केला पाहिजे आणि त्यांना सक्रियपणे सहभागी करून घेतले पाहिजे. दिव्यांगांच्या संघटना आणि दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संघटना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या कराराच्या समितीने २०१८ मध्ये एका स्वतंत्र भाष्यात स्पष्ट केले.

आपल्या देशातही मोठे बदल याच वाटेने आले. व्हीलचेअरवरून लढणारे जावेद अबिदी यांच्या नेतृत्वाखाली १९९५ च्या डिसेंबरात दिल्लीत निदर्शने झाली आणि त्याच महिन्यात संसदेने दिव्यांगांविषयीचा पहिला सर्वंकष कायदा मंजूर केला. १९९१ च्या जनगणनेत दिव्यांगत्वाविषयी प्रश्नच नव्हता. तो २००१ मध्ये यावा म्हणून दिव्यांगांच्या संघटनांनाच झगडावे लागले, आणि मोजणी झाली तेव्हा २ कोटी १९ लाख माणसे निघाली. नोकऱ्यांतील ३ टक्के आरक्षण कागदावर होते, परंतु ते कशाच्या ३ टक्के मोजायचे यात वर्षानुवर्षे पळवाटा काढल्या जात होत्या. अंध व्यक्तींनी चालवलेल्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेने तो लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि ८ ऑक्टोबर २०१३ च्या निकालाने हिशेबाची रीत ठरवून दिली. २०१६ च्या कायद्यात आरक्षण ४ टक्के झाले आणि दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून २१ झाले. राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्याच्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी असे सांगितले, की सुगम्यतेचे, म्हणजे इमारती आणि सेवा दिव्यांगांना वापरता येण्याचे, निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ कायद्याशीच विसंगत आहे आणि सरकारने बंधनकारक निकष करावेत.

सुगम्यतेचा विषय निघाला की मला दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट आठवते. बोट किनाऱ्याला लागते, पुढची झडप उतारासारखी खाली टेकते आणि मोटारी, ट्रक, मोटारसायकली सरळ आत जातात. त्यांच्या मागून व्हीलचेअरही तितक्याच सहज जाते. तो उतार गाड्यांसाठी आहे, आमच्यासाठी कोणी केलेला नाही. चाक पायरी चढत नाही हे गाडीच्या बाबतीत कुणालाही न सांगता कळले. तहसीलपासून टपालापर्यंतच्या इमारतींना चार पायऱ्या असतात आणि तिथे उतार करण्यासाठी आम्हांला कायद्याची कलमे लिहून न्यावी लागतात. २०१६ च्या कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांपासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्याची मुदत होती. ती २०२२ मध्येच उलटून गेली.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्यात नियम आहे. कोकणातल्या ग्रामपंचायतींचे स्वतःचे उत्पन्न ते किती; निम्मी घरे बंद, घरपट्टी थकलेली. त्यामुळे ५ टक्के म्हणजे काही हजार रुपये होतात, ते गावातल्या दिव्यांगांत वाटले की प्रत्येकाच्या हाती किराण्याच्या एका फेरीचे पैसे पडतात आणि वर्षाचा हिशेब पूर्ण होतो. माहितीच्या अधिकारात आम्ही काही गावांचे हिशेब मागवले, तेव्हा काही ठिकाणी रक्कम अखर्चित पडून होती, काही ठिकाणी वाटली होती, आणि सामूहिक कामावर जवळजवळ कुठेच खर्च नव्हता. मग गटात चर्चा झाली. रोख रक्कम ज्याची गरज भागवते त्याच्या तोंडातला घास काढून घेण्याचा अधिकार आम्हांला नाही, असे काहींचे म्हणणे होते आणि ते मला पटले. तरीही दोन-तीन गावांत सभासदांनी एकमताने आपला वाटा सोडला आणि पाखाडीच्या एका बाजूने लोखंडी कठडा बसवून घेतला. त्या कठड्याला धरून आता सर्वांत जास्त कोण चढते, तर वाडीतल्या म्हाताऱ्या.

सर्वांत कठीण परीक्षा आपत्तीच्या वेळी होते आणि या किनाऱ्यावर ती लांबची गोष्ट राहिलेली नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आदळले आणि दापोली-मंडणगडचा किनारा त्याच्या तडाख्यात सापडला. पुढच्या वर्षी जुलैत चिपळूण पाण्याखाली गेले. वादळाची सूचना आमच्याकडे रिक्षावरच्या भोंग्यावरून दिली गेली. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ती शेजाऱ्यांच्या धावपळीवरून कळली, आणि ज्यांचे शेजारी मुंबईला होते त्यांना पत्रे उडायला लागल्यावर कळली. वादळानंतर आमच्यातील एका अंध सभासदाची वाट नाहीशी झाली. घरापासून दुकानापर्यंतचा त्यांचा सारा नकाशा झाडांवर आधारलेला होता, कुठे फणसाचे मूळ पायाला लागते, कुठे सुपारीच्या बागेतला गारवा येतो, कुठे काजूच्या पानांचा आवाज बदलतो. ती झाडे एका दुपारीत आडवी झाली आणि त्यांना पुन्हा बाहेर पडायला कित्येक महिने लागले. नुकसानीच्या पंचनाम्यात झाडांची संख्या लिहिली गेली. वाट गेल्याचा रकाना त्यात नव्हता.

२०१६ च्या कायद्याच्या आठव्या कलमानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवायची आहे आणि धोक्याच्या वेळी त्यांना कळवण्याची योग्य व्यवस्था करायची आहे. राष्ट्रीय प्राधिकरणानेही २०१९ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. म्हणून वादळानंतर आम्ही ठरवले, की यादी मागत बसण्यापेक्षा आपणच करायची आणि ती नेऊन द्यायची. नाव, गाव, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी, इतके रकाने कार्यालयाच्या नमुन्यात असतात. आमच्या लोकांनी भर घातली ती वेगळीच होती. घरापासून गाडी येते त्या जागेपर्यंत पायऱ्या किती; माणसाला पाठीवर घेता येते की खुर्चीसकट उचलावे लागते; रात्री हाक मारून जाग येते की हात लावावा लागतो; औषध थंड ठेवावे लागते का; अनोळखी माणसाने अंगाला हात लावला तर मूल किंचाळते का, आणि मग त्याला कोणाच्या हातून बाहेर काढायचे. हर्णैच्या मासेमारी करणाऱ्या घरातील एका बधिर तरुणाने हातवारे करून विचारले, की समुद्रावर जाणाऱ्यांसाठी बंदरात बावटा लावतात, तो ऐकावा लागत नाही, तर जमिनीवर राहणाऱ्यांना भोंगाच का? आम्हा ऐकणाऱ्यांना हा प्रश्न आजवर सुचला नव्हता. आता काही वाड्यांत देवळाजवळच्या खांबावर लाल कापड लावायचे ठरले आहे आणि ते लावण्याची जबाबदारी नावानिशी दोघांवर आहे.

याच यादीवर आमच्यातल्या स्त्रियांनी एक हरकत घेतली, आणि ती घेतली नसती तर आम्ही मोठा घोळ करून बसलो असतो. एकटी राहणारी, चालू न शकणारी किंवा न दिसणारी बाई कोणत्या घरात आहे हे सांगणारा कागद गावभर फिरू लागला तर तो तिच्या सुरक्षिततेसाठी आहे की धोक्यासाठी, असे त्यांनी विचारले. पुरुष सभासदांपैकी कोणाच्याही मनात ते आले नव्हते. त्यामुळे यादी फोनवर पाठवायची नाही, प्रत्येक वाडीच्या याद्या त्या वाडीतल्या दोन व्यक्तींकडेच राहतील, त्यांपैकी एक स्त्री असेल, आणि ज्या बाईचे नाव यादीत आहे तिने त्या दोघांना पसंती दिलेली असेल, असा नियम झाला.

सेवाभावी संस्थांविषयी माझ्या मनात आकस नाही. माझे पहिले कॅलिपर अशाच एका संस्थेने दिले आणि विशेष शाळा नसत्या तर आमच्या गटातले अर्धे सभासद निरक्षर राहिले असते. तरीही ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या, सत्कारांना मी आता जात नाही. व्यासपीठाला उतार नसतो, मग चार कार्यकर्ते सत्कारमूर्तीला खुर्चीसकट उचलून वर ठेवतात, टाळ्या वाजतात, आणि त्या टाळ्या सत्कारमूर्तीसाठी असतात की उचलणाऱ्यांसाठी हे कळत नाही.

स्वतःच्या जाळ्याचे गोडवे गाताना त्यातली खोट लपवून ठेवणे बरे नव्हे. आमच्याकडे अनेक वर्षे पुढे असलेले सगळे पुरुष होते आणि बहुतेक पोलिओ झालेले होते. कारण उघड आहे: पोलिओ झालेले आम्ही बोलू शकतो, वाचू शकतो, कुबडीवर का होईना तहसीलपर्यंत जाऊ शकतो. ज्यांना बौद्धिक दिव्यांगत्व आहे त्यांच्या वतीने आईवडील येतात. आईवडिलांना लागतो तो दिवसभराचा विसावा आणि आपल्यामागे मुलाचे काय याची हमी. मुलाला कदाचित बाजारात एकट्याने जाऊन वडापाव खायचा असतो. या दोन मागण्यांपैकी कोणती निवेदनात जाते, हे सांगायला नको. गटातील एका मुलाने अलीकडे आईला थांबवून स्वतः सांगितले, की त्याला तीन महिन्यांनी मिळणारे शिधासामान नको, दुकानात बसायचे काम हवे. त्याचे वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागला आणि मधे तिघांनी ते पुरे करून देण्याचा प्रयत्न केला.

दिव्यांगांविषयीच्या राज्य सल्लागार मंडळावर संस्थांचे प्रतिनिधी म्हणून जे नेमायचे ते शक्यतो दिव्यांग असावेत, असे २०१६ चा कायदा म्हणतो. त्या ‘शक्यतो’चा अर्थ आमच्यासारख्यांना अनुभवाने माहीत आहे. तमिळनाडूने २०२५ मध्ये एक पाऊल पुढे टाकले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांवर दिव्यांग प्रतिनिधी नियुक्त करण्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली. तसे महाराष्ट्रात व्हावे, हे आमच्या पुढच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर आहे. परंतु ग्रामपंचायतीत एक जागा मागणाऱ्या जाळ्याने स्वतःच्या घरात काय केले, असा प्रश्न आल्यावाचून राहणार नाही, आणि तो आला आहेच.

या वर्षी आमच्या जाळ्याचे निमंत्रकपद बदलायचे आहे आणि एका बधिर तरुणीने आपले नाव दिले आहे. यादीवरची ती हरकत पहिल्यांदा लिहून मांडली ती हिनेच. तिच्याविरुद्ध सांगितले जाणारे मुद्दे असे: कार्यालयांना फोन कोण करणार, बैठकीत दुभाषी कोण आणणार, त्याचा खर्च कोठून येणार. भारतीय सांकेतिक भाषेचे प्रशिक्षण देणारे राष्ट्रीय केंद्र २०१५ मध्ये दिल्लीत सुरू झाले, तेही बधिर समाजाच्या दीर्घ मागणीनंतर. प्रशिक्षित दुभाषी आमच्या तालुक्यात मात्र एकही नाही. व्हिडिओ कॉलवरून मुंबईतला दुभाषी घेता येईल, परंतु केळशीच्या बाजूला पावसात नेटवर्क जाते. अडचणी खऱ्या आहेत. फक्त त्या ज्या शब्दांत मांडल्या जात आहेत ते शब्द मी याआधी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने, रबरी बूट मागायला गेले तेव्हा आणि तहसीलच्या पायऱ्यांविषयी बोलायला गेले तेव्हा, ऐकलेले आहेत. कार्यालयांना लेखी अर्ज आणि लेखी उत्तर हाच मार्ग ठेवावा, दुभाष्याच्या खर्चासाठी वर्षभराची वर्गणी आधीच बाजूला काढावी आणि ऐकू येणाऱ्या सभासदांनी रोजच्या कामापुरती सांकेतिक भाषा शिकावी, असा प्रस्ताव मी लिहून गटात ठेवला आहे, अर्थात नियमाप्रमाणे बोलूनही. निर्णय गणपतीनंतरच्या बैठकीत, चाकरमानी सभासद परत जाण्याच्या आत, घ्यायचा आहे. हरकत घेणाऱ्यांत माझे जुने स्नेही आहेत आणि त्यांच्याशी मला तिथे सर्वांसमोर वाद घालावा लागणार आहे.